उलाळ

ज्या माणसाला सायकलची उतरलेली साखळी धडपणे बसवता येत नाही, त्याने परदेशात जाऊन मोटारीखाली उताणे पडावे, ही गोष्ट कोणालाही हसू येण्याजोगीच. पण गेल्या मे महिन्याच्या सुटीत माझ्यावर हा प्रसंग आला खरा. माझा धाकटा भाऊ अमेरिकेत आयोवा राज्यात असतो. तो घर बदलणार होता. सामानासाठी शेजाऱ्याने आपला ट्रेलर देऊ केला, पण भावाच्या पिकअपला ट्रेलर जोडायची सोयच नव्हती. त्यासाठी मागे एक लोखंडी जोड बसवावा लागतो. त्याला तिकडे ‘हिच’ म्हणतात.

मला वाटले, एक आकडा आणायचा आणि ठोकायचा! दुकानात पाहतो तो तिथेही इयत्ता! पहिल्या वर्गाचा हिच दोन हजार पौंडांपर्यंत ओढणार, दुसऱ्या वर्गाचा साडेतीन हजार, तिसऱ्याचा त्याहून जास्त. आमच्या शाळेसारखेच, पहिलीपेक्षा तिसरी वरची. आम्ही तिसरीतला घेतला. मग त्यात अडकवायचा दांडा आणि दांड्यावरचा गोळा. ट्रेलरच्या तोंडाला दोन इंची गोळा हवा होता. एक सूत लहान गोळाही मिळतो, आणि तो वरवर बसल्यासारखा दिसतो. पण रस्त्यात धक्का बसला की ट्रेलर निसटलाच म्हणून समजा.

गाडीवर एक आकडा, हिचवर दुसरा, गोळ्यावर तिसरा. मी गोंधळलो. भाऊ म्हणाला, “दादा, यांतला सर्वांत लहान आकडा खरा.” वीस वर्षे वर्ग चालवताना मला उमगले ते याहून वेगळे नाही.

रविवारी सकाळी आम्ही दोघे गाडीखाली शिरलो. गाडीच्या चौकटीला भोके होती, पण ती चौकट पोकळ आणि बंद. बोल्ट आत घालायचे कसे? भावाने एक वेटोळ्याची तार आत सारली, तिच्या टोकाला बोल्ट अडकवला आणि लेंग्यात नाडी ओवावी तसा तो भोकातून ओढून काढला. मी हिच छातीवर तोलून धरला होता. शेवटी नट ठरावीक जोराने आवळायचे. पुरेसे झाले की पान्हाच ‘कट्’ असा आवाज करून थांबायला सांगतो. असा पान्हा माणसांच्या जिभेसाठीही हवा होता!

दुपारी सामान भरले. ट्रेलरसकट दोन हजार पौंड होईल असा भावाचा अंदाज. त्याने न्हाणीघरातला वजनकाटा आणून ठोकळ्यावर ठेवला आणि ट्रेलरची दांडी त्यावर टेकवली. काटा ऐंशीवर थांबला. भाऊ म्हणाला, “एकूण वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा पुढे यायला हवा. नाहीतर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलतो.”

“अरे, उलाळ झालीय!” मी बोलून गेलो.

भाऊ मोठ्याने हसला. हा शब्द त्याने तीस वर्षांत ऐकला नसावा. बैलगाडीचा भार मागे गेला की जू वर उचलले जाते, ती गाडी उलाळ. मला मात्र हसू येईना.

मी तेव्हा नववीत होतो. ज्वारीची पोती गाडीत रचायला आप्पांनी मला सांगितले होते. भार चाकांच्या थोडा पुढे ठेव, असे बजावलेही होते. मला घरी जाऊन अर्धवट राहिलेली कादंबरी वाचायची घाई. पोती मागेच लोटली. चढावर जू वर गेले आणि गळ्यातल्या जोत्याने बैलाला फास बसला. आप्पांनी विळ्याने जोते कापले म्हणून जनावर वाचले. “कोणी रचली?” त्यांनी विचारले. आठ वर्षांचा भाऊ पोत्यांवर बसला होता. मी म्हटले, “हा मागे जाऊन बसला, म्हणून.” त्याला चापट बसली. मी गप्प राहिलो.

ते सारे मी त्याला त्या अंगणात सांगितले. आवाज थोडा कापत होता. आप्पा आता नाहीत. सांगायला तोच एक उरला होता.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “बैलाचे आठवते. चापट आठवत नाही. पण दादा, त्यानंतर महिनाभर तू मला रोज सायकलवर पुढे बसवून शाळेत नेलेस, ते आठवते. दोनदा साखळी उतरली, तरी तू मला चालू दिले नाहीस. असे का करतोस, ते काही कळले नव्हते.”

एवढे बोलून तो उठला आणि मागचे पुस्तकांचे खोके पुढे आणू लागला. मी दुसरे टोक धरले. काटा सव्वादोनशेवर आला. मग त्याने दांडीखालून दोन साखळ्या एकमेकींवरून फुलीसारख्या घेऊन गाडीला अडकवल्या. गोळा सुटलाच, तर दांडी रस्त्यात न रुतता त्या झोळीत पडावी म्हणून.

नवे घर पन्नास मैलांवर होते. वाटेत मी पुनःपुन्हा मागे वळून पाहत होतो. ट्रेलर सरळ येत होता.

“दादा, पुढे बघ,” भाऊ म्हणाला.