पासवर्ड सापडला तेव्हा

स्नेहसंमेलनाची छायाचित्रे शाळेच्या संकेतस्थळावर चढवण्याचे काम यंदा आम्हा दहावीच्या मुलामुलींकडे आले. सर हे काम संगणक कक्षात फाईलझिला या प्रोग्रामने करीत. त्यात सबंध संध्याकाळ जाई, म्हणून आम्ही पायथॉनमध्ये छोटासा प्रोग्राम लिहायचे ठरवले.

अडचण एकच. सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, युजरनेम आणि पासवर्ड आमच्या प्रोग्रामला कळणार कसा? प्रोग्राममध्येच लिहावा, तर त्याची प्रत ज्याच्या हाती जाईल त्याच्या हाती पासवर्डही जाणार. मग सुचले, फाईलझिलाने हे सगळे कुठेतरी जपून ठेवलेच असेल. तेच वाचू.

ते 'साइटमॅनेजर' नावाच्या एक्सएमएल फाईलमध्ये सापडले. अशी फाईल वाचण्याची सोय पायथॉनमध्ये असतेच. पत्ता, पोर्ट, युजरनेम पटापट मिळाले. पासवर्ड मात्र अगम्य अक्षरांत होता आणि सोबत लिहिले होते, 'बेस ६४'. बेस ६४ म्हणजे कुलूप नव्हे. ती ६४ चिन्हांची एक लिपी आहे. ज्यांच्या घरी पणजोबांचे मोडी कागद आहेत त्यांना हे लगेच कळेल. लिपी ठाऊक असली की कोणीही वाचावे. एका ओळीच्या सूचनेने पासवर्ड पडद्यावर उमटला.

आधी आम्ही टाळ्या पिटल्या, मग गप्प झालो. आम्हाला जे जमले ते त्या संगणकावर बसणाऱ्या कोणालाही जमले असते. शिवाय सरांना न विचारताच आम्ही त्यांचा पासवर्ड वाचला होता. रात्री कोणालाच चैन पडली नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत जाऊन सगळे सांगून टाकले.

सर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "शिकलात ते चांगले, पण दुसऱ्याचे कपाट उघडण्याआधी विचारावे." त्यांनी तिथल्या तिथे पासवर्ड बदलला. फाईलझिलात २०१७ पासून मास्टर पासवर्डची सोय आहे, तीही सुरू केली. आता साठवलेला पासवर्ड खरोखरच कुलपात असतो.

आमचा प्रोग्राम पत्ता, पोर्ट आणि युजरनेम एका वेगळ्या सेटिंग फाईलमधून वाचतो. पासवर्ड मात्र दर वेळी विचारतो. सर येऊन तो टंकतात, तेव्हा आम्ही माना वळवतो.

पालकांना एक विनंती. 'पासवर्ड जतन करायचा का?' असे संगणकाने विचारले, तर 'हो' म्हणण्यापूर्वी त्या संगणकावर आणखी कोण बसते, ते आठवावे.