बाउन्स वाढवा

संपादकांचा निरोप असा होता : कार्टूनमधलं पात्र चालतं कसं, ते आमच्या वाचकाला कळेल अशा भाषेत लिहा, तांत्रिक काही नको. खोबरं न खवता सोलकढी करा म्हटल्यासारखं झालं हे. तरी हो म्हटलं. एक तर रत्नागिरीत बसून कोणी हा धंदा करतं हे रत्नागिरीतल्याच लोकांना पटत नाही, निदान त्यांना तरी कळेल. आणि दुसरं, गेल्या पावसाळ्यातलं एक काम अजून डोक्यातून जात नाही.

आधी गैरसमजांचं बघू. लग्नकार्यात कोणी ओळख करून देतं, "ही कार्टून काढते," की समोरचा माणूस लगेच ताठ बसून चेहरा नीट करतो. आता आपलं व्यंगचित्र निघणार म्हणून. दुसरा विचारतो, "हल्ली कॉम्प्युटरच करतो ना सगळं?" कॉम्प्युटर काय करतो ते सांगते. मी दोन चित्रं दिली की मधली तो सरळ रेषेत आणि सारख्या अंतरावर भरून देतो. माणसाचा एकही अवयव तसा हलत नाही. हात खांद्याभोवती फिरतो, म्हणून त्याचा मार्ग कमानीचा. टोकाला तो मंदावतो, मध्ये वेग घेतो. कॉम्प्युटरनं भरलेलं पुसून पुन्हा करणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. आता त्यात एआयची भर पडली. त्याच्या चालीत पाय कधी कधी एकमेकांतून आरपार जातात आणि डाव्याचा उजवा होतो. ते सुधारेलही. सुधारलं की मी काय करणार, हा प्रश्न मला रात्री पडतो. दिवसा कामं असतात.

तर ते काम. मुंबईतल्या एका स्टुडिओनं पाठवलेलं, लहान मुलांच्या गाण्याचा व्हिडिओ. एक कोळीण डोक्यावर माशांची पाटी घेऊन बंदरावरून बाजारात जाते, एवढाच प्रसंग. पात्राचं डिझाइन त्यांचंच, लुगड्यापासून दागिन्यांपर्यंत सगळं मुंबईच्या कोळीवाड्याचं. आमच्या बाजूला मासेमारी प्रामुख्यानं खारवी, गाबीत, दालदी लोकांची, हे कळवून पाहिलं. गाण्यात 'कोळीण' आहे, असं उत्तर आलं. असो. मला तिला फक्त चालवायची होती.

सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम असतात. माणूस सेकंदाला दोन पावलं टाकतो असं धरलं, तर एका पावलाला १२ फ्रेम मिळतात. त्या पावलात चार मुख्य चित्रं. पहिलं कॉन्टॅक्ट : पुढच्या पायाची टाच टेकलेली, मागच्याचा चवडा अजून जमिनीवर. मग डाउन : पुढच्या पायावर भार आला, गुडघा वाकला, अंग खाली बसलं. मग पासिंग : मागचा पाय उचलून टेकलेल्या पायाजवळून पुढे निघाला. मग अप : टेकलेल्या पायाच्या चवड्यानं अंग वर ढकललं. लगेच पुन्हा कॉन्टॅक्ट, आता दुसऱ्या पायाचं. रिचर्ड विल्यम्सचं 'द ॲनिमेटर्स सर्व्हायव्हल किट' २००१ मध्ये आलं आणि ही चार नावं जगभरच्या विद्यार्थ्यांना पाढ्यांसारखी पाठ झाली. फ्रेमचे आकडे येतात १, ४, ७, १०, आणि १३ला पुढचं कॉन्टॅक्ट.

इथेच पहिली भानगड. खर्च वाचवायला एकेक चित्र दोन-दोन फ्रेम ठेवतात, त्याला 'टूज' म्हणतात. सेकंदाला २४ ऐवजी १२ चित्रांत भागतं. पण मग नवं चित्र फक्त विषम फ्रेमवर येतं : १, ३, ५, ७. चार आणि दहा सम आहेत, म्हणजे डाउन आणि अप दोन्ही हातचे गेले. १६ फ्रेमचं पाऊल घेतलं तर १, ५, ९, १३, १७ असे सगळे विषम येतात. जुने लोक १६ आणि ८ का पसंत करायचे ते यावरून कळेल. तांत्रिक नको म्हणाले होते, माहीत आहे. पण हे आकडे शेवटी पैशांत मोजले जातात, म्हणून सांगितले.

अशी दोन पावलं नीट बसली की तीच फिरवत राहायची; ती सायकल. पात्र जागच्या जागी चालतं, मागचं चित्र सरकतं. टेकलेला पाय मात्र जमीन जेवढी सरकते तेवढाच, प्रत्येक फ्रेमला अगदी तेवढाच, मागे यायला हवा. जरा कमीजास्त झालं की पाय घसरतो. टीव्हीवरच्या कितीतरी मालिकांत पात्रं अशी घसरत चालतात. एकदा सांगितल्यावर आता तुम्हालाही ते दिसायला लागेल, त्याबद्दल क्षमस्व.

हे झालं व्याकरण. तत्त्वांचं प्रकरण वेगळं. डिस्नेचे फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली 'द इल्यूजन ऑफ लाइफ' या पुस्तकात ॲनिमेशनची बारा तत्त्वं मांडली. स्क्वॉश-स्ट्रेच, टायमिंग, आर्क, अतिशयोक्ती वगैरे. शिकवणाऱ्या संस्थांच्या भिंतींवर ती लावलेली असतात. त्या बारांत 'वजन' नावाचं तत्त्व नाही. ते टायमिंगमध्ये थोडं, भरीव चित्रणात थोडं, स्क्वॉश-स्ट्रेचमध्ये थोडं असं वाटलं गेलंय. पुस्तक लिहिणाऱ्या दोघांना वजन म्हणजे काय ते पुरेपूर ठाऊक होतं, त्यांचा जन्म त्यात गेला. यादी पाठ करणाऱ्याला ते ठाऊक असतंच असं नाही. त्याच्या लक्षात राहते फक्त अतिशयोक्ती.

मी पाटीवाल्या बायका बघायला मिरकरवाडा बंदरावर गेले. आता तिथेही टेम्पो आलेत, प्लास्टिकचे क्रेट आलेत, पण बोटीपासून लिलावापर्यंत डोक्यावरून मासळी नेणाऱ्या बायका आहेत. एकीला विचारून फोनवर चित्रण केलं. "काय गो, चालण्यात काय बघतेस?" एवढं म्हणून ती निघाली. घरी येऊन तेच चित्रण एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिलं. मागे कठड्याची आडवी नळी होती, ती मोजपट्टी झाली. पाऊल आखूड आणि झपझप. गुडघे पुरते ताठ होतच नाहीत. कंबर डावी-उजवीकडे चांगली हलते, एक हात मोकळा झुलतो. आणि चुंबळीपासून, म्हणजे पाटीखालच्या कापडाच्या वळ्यापासून वर, पाटी त्या नळीला धरून जवळपास सरळ जाते. सगळी हालचाल कमरेखाली खर्च होते, वर काही पोचत नाही.

यात चमत्कार नाही, भूमिती आहे. पाय हे कंपासचे दोन ताठ काटे माना. पायाची लांबी ८५ सेंटीमीटर आणि पाऊल ६० सेंटीमीटरचं असेल, तर दोन्ही पाय टेकलेले असताना कंबर उभ्या स्थितीपेक्षा साधारण साडेपाच सेंटीमीटर खाली जाते. पाऊल ४० सेंटीमीटरचं केलं की फरक अडीचच्याही आत येतो. वर गुडघा वाकता ठेवला तर उरलेलं त्यातच जिरतं. डोक्यावर ओझं असलं की पाऊल आखूड होतं, आणि माशांचं पाणी मानेवर ओघळत नाही.

आता माझं जुनं भांडण काढते. मी शिकवते ते विद्यार्थी हसतात, पण ते मिटलेलं नाही. पुस्तकातल्या चालीत अंग सर्वांत उंच जातं ते 'अप'ला, म्हणजे पासिंगच्या नंतर. खऱ्या माणसाचं अंग सर्वांत उंच असतं ते एका पायावर सरळ उभं असताना, म्हणजे पासिंगच्याच आसपास. चालणं म्हणजे उलटा लंबक, हे शरीरशास्त्रवाले कधीपासून सांगतायत. मग विल्यम्सला दिसत नव्हतं का? चांगलं दिसत होतं. उंच क्षण थोडा पुढे ढकलला की पाय जमिनीला रेटतोय असं वाटतं, चालणाऱ्यात हुरूप येतो. कार्टूनसाठी ही मुद्दाम केलेली उचल आहे, आणि ती करमणुकीसाठी योग्यच आहे. माझं म्हणणं इतकंच की ती उचल आहे हे माहीत असावं. ओझं नसलेल्या, पोटभर जेवलेल्या, घाई नसलेल्या माणसाची ती चाल. तीच चार चित्रं पोस्टमनला, आजीला आणि पाटीवालीलाही लावली, तर तिघं एकाच आईची लेकरं दिसतात. काही लोक म्हणतात, मग मोशन कॅप्चर करा, खऱ्या बाईच्या अंगाला खुणा लावून हालचाल उचला. तेही पाहिलंय. खरी हालचाल कार्टूनच्या तोकड्या पायांना आणि मोठ्या डोक्याला लावली की बाहुलीत माणूस शिरल्यासारखा दिसतो. बघायचं खऱ्याकडे आणि काढायचं खोटं, पण खोटं कुठे घालायचं ते बघणाऱ्यानं ठरवायचं. हे माझ्या विद्यार्थ्यांनी इतक्यांदा ऐकलंय की मी तोंड उघडलं की तेच पुरं करतात.

बघण्याची ही परंपरा जुनी आहे. एडवर्ड मायब्रिजनं १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात घोड्याची धाव ओळीनं लावलेल्या कॅमेऱ्यांनी टिपली. १८८७ मध्ये त्याच्या 'ॲनिमल लोकोमोशन'चे ७८१ तक्ते निघाले, आणि त्यांत डोक्यावर ओझं घेऊन चालणाऱ्या बायकाही आहेत. शास्त्रज्ञांनाही या चालीचं कुतूहल होतं. १९८६ मध्ये केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांची चाचणी प्रसिद्ध झाली. स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत ओझं डोक्यावर असूनही त्यांना चालायला जास्त प्राणवायू लागत नव्हता. पुढे दक्षिण आफ्रिकेत झालेल्या अभ्यासानं ते सरसकट खरं नसल्याचं दाखवलं. मिरकरवाड्यातल्या बायकांना विचारलं असतं तर त्यांनीही तेच सांगितलं असतं, मान दुखते म्हणून.

आपल्याकडे ही विद्या आली तीही बघण्यातूनच. १९५६ मध्ये क्लेअर वीक्स हा डिस्नेचा ॲनिमेटर मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला आला. जन्म त्याचा भारतातलाच. 'बॅम्बी'वर त्यानं काम केलं होतं, आणि त्या चित्रपटासाठी डिस्नेनं स्टुडिओत खरी पाडसं आणून ठेवली होती. वीक्सच्या हाताखाली १९५७ मध्ये 'द बनियन डिअर' ही जातककथा झाली, तीही हरणांचीच. ॲनिमेटर राम मोहन त्याच विभागात तयार झाले. त्यांच्यानंतरच्या पिढ्यांनी आमच्या हातात पेन्सिल दिली. हरणाचं पाऊल बघायला पाडसं पाळतात. बाईचं पाऊल बघायला बंदरावर गेले, तर स्टुडिओतल्या कोऑर्डिनेटरला ते वेळेचा अपव्यय वाटलं.

कारण मी पाठवलेली चाल त्यांना पसंत पडली नाही. पाटी स्थिर, पाऊल आखूड, कंबर आणि मोकळा हात बोलका. मला ती गेल्या कित्येक वर्षांतली सर्वांत बरी सायकल वाटत होती. उत्तर आलं, "चालीत जान नाही. बाउन्स वाढवा." मी थोडा वाढवला, खांद्यापर्यंत. पुन्हा तेच. चित्रण पाठवलं, चुंबळ म्हणजे काय ते समजावलं, पाटीत मासे आहेत, स्पंज नाही, हेही लिहिलं. शेवटी त्यांनी फाइल मागून घेतली आणि अंगाची वरखाली हालचाल सॉफ्टवेअरमध्ये ताणून दुप्पट केली. आता ती बाई उड्या मारत चालते, पाटी वरखाली आदळते, आणि मासे हवेत जाऊन ठेक्यावर परत पाटीत पडतात.

मुलांना ते फार आवडतं. आमच्या शेजारच्या घरातलं पोर त्या उडणाऱ्या माशांवर हात वर करून नाचतं, आणि ते नाचताना मलाही हसू येतं. उडणारे मासे ही कल्पना मुळात वाईट नाही. माशांसाठी चाल वेगळी आखता आली असती, चार-सहा फ्रेमची एखादी ठेच ठेवून. पण त्यांना चार वर्षांची मुलं ठाऊक आहेत आणि मला बंदर ठाऊक आहे. यातलं काय जास्त कामाचं, याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. क्रेडिटमध्ये मात्र चालीपुढे माझं नाव आहे, आणि मिरकरवाड्यातल्या कोणी तो व्हिडिओ पाहू नये असं वाटतं.

सध्या नमनातल्या, म्हणजे आमच्या कोकणातल्या लोकनाट्यातल्या, संकासुराची चाल करतेय. काम कोणी दिलेलं नाही, माझंच आहे. काळ्या पोशाखातला संकासूर मृदंगावर झुकत, मागे येत, मध्येच थबकत पुढे सरकतो. पाऊल टाकताना वजन मागच्याच पायावर ठेवतो, म्हणजे पाऊल खरं की हूल ते शेवटपर्यंत कळत नाही. चार चित्रांचा हिशेब इथे पहिल्याच फ्रेमला मोडतो. विद्यार्थ्यांनी मृदंगाचा ठेका मोजून दिला, तो पडतो पावलाला ११ फ्रेम. अकरा विषम, म्हणून दुसरं पाऊल बाराव्या फ्रेमवर येतं, आणि ते टूजवर बसत नाही. ठेका बदलून बाराचा करावा असं एकानं सुचवलं, त्याला नमनाच्या तालमीला पाठवलंय. सगळं वन्सवर करावं लागणार, सेकंदाला २४ चित्रं. संकासुराच्या पहिल्या प्रवेशाचीच जवळजवळ हजार चित्रं होतात, आणि कागदाचे पैसे अजून ठरायचेत.