चारचा भोंगा

एकविसावा दिवस. कारखान्याचा पहाटे चारचा भोंगा झाला, म्हणजे रात्रीतलं हे चौथं पाजणं. अंकुशनगरात गाळप सुरू असलं की घड्याळ लागत नाही. मळीचा वास तर खिडकी लावली तरी उशाशी येऊन बसतो.

परवा बसल्या बसल्या डुलकी लागली आणि बाळ मांडीवरून घसरायला आलं. आईनं झडप घालून धरलं. मी कितीतरी वेळ रडले. मग आशाताईंनी कुशीवर पडून पाजायला शिकवलं: माझ्या पाठीला उशी, बाळाचं पोट माझ्या पोटाला. कंबर वाचली. नवजाताला चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पाजावं लागतंच, म्हणाल्या. दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं, हे ऐकून मात्र निसर्गाचा रागच आला.

आता दुपारी पाजून झालं की बाळ आईकडे आणि मी आडवी. भेटायला येणाऱ्यांनी खुशाल नावं ठेवावीत. लोहाच्या गोळ्या 180 दिवस, अळिवाची खीर रोज. खीर आवडत नाही, पण गिळते.

रस्त्यापलीकडे ऊसतोडकऱ्यांच्या कोप्या आहेत. तिथलंही एक तान्हं बहुतेक याच वेळेला रडतं. त्याची आई उजाडायच्या आत त्याला घेऊन फडावर जाते. बांधावर झोळी, हातात कोयता. दुपारी तिचं बाळ कोण घेणार?

आज तिकडचं रडणं जरा लवकर थांबलं. आमचं अजून ढेकर द्यायला तयार नाही.