फॉर्मवर न लिहिलेलं

लघवीचा नमुना देताना समोर एक माणूस उभा असतो आणि तो नजर हलवत नाही, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. सीलबंद किट आपणच निवडायचं. किमान 90 मिलिलिटर भरायचं आणि आपल्याच हाताने दोन बाटल्यांत ओतायचं, ‘ए’ आणि ‘बी’. मग फॉर्म. गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं, पावडरी, गोळ्या, सगळं लिहा. मी लिहिलं, ‘व्हिटॅमिन’. शेवटचं इंजेक्शन सहा आठवड्यांपूर्वीचं, त्यामुळे खोटं लिहिलं असं कोणी म्हणालं नसतं. पण पेन तिथे थबकलं होतं, हे मला ठाऊक आहे.

मी कबड्डीत डावा कोपरा सांभाळायचो. खांदा दुखावला होता, निवड चाचणी तोंडावर होती. जिममधला ट्रेनर म्हणाला, “या इंजेक्शनने लवकर भरून येईल.” मी विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणावं लागलं असतं.

नाडाचा, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचा, ई-मेल आला तो ताईने वाचून दाखवला. नमुन्यात नँड्रोलोन, बंदी असलेलं स्टेरॉइड. त्याच दिवसापासून तात्पुरतं निलंबन. खेळावर मिळालेली कंत्राटी नोकरी पुढच्या महिन्यात गेली. पण खरा घाव वेगळाच होता. निलंबित खेळाडूला संलग्न क्लबच्या सरावातही उतरता येत नाही. लहानपणापासून काहीही बिनसलं, परीक्षेत नापास झालो, बाबा गेले, तरी मी मैदानातच जात आलो होतो. आता बिनसलं होतं आणि जायला मैदान नव्हतं. ज्यांच्या साखळीत हात गुंफून उभा राहायचो, ती पोरं रस्त्यात भेटली तर खाली बघायची. त्यांना काय बोलावं ते कळत नव्हतं. मलाही नव्हतं.

आई दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “खालच्या मजल्यावर वकीलकाकांकडे जा. अंघोळ करून जा.”

काकांकडे जाताना मी गोष्ट रचूनच गेलो होतो. 2019 मध्ये क्रिकेटपटू पृथ्वी शॉच्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडलं. ते खोकल्याच्या औषधातून गेल्याचं त्याचं म्हणणं क्रिकेट बोर्डाने मान्य केलं आणि बंदी आठ महिन्यांवर थांबली. शिवाजी पार्कात हे पोरासोरांनाही पाठ आहे. मीही म्हणालो, खोकला झाला होता. काकांनी चष्मा काढला. “अरे, खोकल्याच्या औषधात नँड्रोलोन नसतं. तुझी गोष्ट वेगळी, त्याची वेगळी. त्याचं नाव घेऊ नकोस. काय घेतलंस, कोणाकडून, किती वेळा, ते सांग. मग बघू.”

रात्री अकरापर्यंत मी सांगत होतो. आयुष्यात पहिल्यांदा सगळं एका दमात, ओळीने. काकांनी नियम उलगडून दाखवले. शरीरात काय गेलं त्याला खेळाडू स्वतः जबाबदार, कोणी दिलं हा पुढचा प्रश्न. या प्रकारच्या औषधाला साधारण चार वर्षं. आरोपाची नोटीस आल्यापासून वीस दिवसांत कबूल करून शिक्षा मान्य केली, तर त्यातलं एक वर्ष कमी. ‘बी’ बाटली उघडायला लावायची की नाही, हेही मीच ठरवायचं. मी नको म्हणालो. ताईने इंग्रजीत उत्तर लिहिलं, काकांनी दोनदा दुरुस्त केलं. फी विचारली तर म्हणाले, “आईला सांग, भाकरी पाठव.”

तिसऱ्या महिन्यात अंगातलं सगळं बळ ओसरलं. सकाळी उठवेना, कशातच मन लागेना, रात्री गॅलरीच्या कठड्याजवळ उभं राहायची मलाच भीती वाटायची. ही पापाची शिक्षा, असं मी धरून बसलो होतो. ताईने केईएम रुग्णालयात नेलं. डॉक्टर मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं: बाहेरून हार्मोन येत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, इंजेक्शनं बंद झाल्यावर ते पुन्हा सुरू व्हायला महिने लागू शकतात, आणि तेवढे दिवस मनही खचलेलं राहू शकतं. यावर उपचार आहेत. तेवढं ऐकून मी रडलो. माझ्या खचण्याला कारण होतं, आणि ते कोणीतरी चिडचिड न करता सांगितलं होतं. मानसोपचार विभागात नाव नोंदलं. केसपेपरच्या मागे मॅडमनी 14416 लिहिलं, टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, रात्री-अपरात्री चालणारा. दोनदा लावला. दोन्ही वेळा पलीकडचा माणूस मराठीत बोलला आणि घाई केली नाही.

क्लबच्या प्रशिक्षक सरांनी मैदानाचा नियम मोडला नाही, मलाही मोडू दिला नाही. सराव संपवून ते चाळीखाली येऊन हाक मारायचे. मग आम्ही चालायचो. लालबागहून परळ, हिंदमाता, टिळक पूल ओलांडून शिवाजी पार्क. कबड्डीवर चकार शब्द नाही. 15 जुलैला, कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या जन्मदिनी, आमचा कबड्डी दिन असतो. त्या संध्याकाळी कार्यक्रम सोडून सर आले. पाऊस कोसळत होता. एका छत्रीत दोघं भिजत गेलो, आणि परतताना मी म्हणालो, “सर, मी तुमचं नाव खाली आणलं.” ते म्हणाले, “उद्या साडेसातला.”

ओळखीच्या काकूंच्या मसाल्याच्या दुकानात मला काम मिळालं. लालबागच्या मिरची गल्लीत मार्च ते मे श्वास घ्यायला फुरसत नसते. बेडगी, संकेश्वरी, लवंगी निवडायची, भाजायची, डंकावर द्यायची. खांदा त्या पोत्यांनीच पुन्हा तयार झाला.

तीनपैकी दोन वर्षं सरली. शेवटच्या दोन महिन्यांत क्लबबरोबर सराव करायची मुभा असते. ती तारीख आईने कालनिर्णयच्या मागे लिहून ठेवली आहे.

परवा क्लबचा एक ज्युनिअर दुकानात आला. पिशवीतून पावडरचा डबा काढला, लेबल अर्धं खरवडलेलं. जिममधून मिळाला म्हणाला. “दादा, हे चालेल ना?”

हात तिखटाचे होते, म्हणून मी डब्याला शिवलो नाही. त्याला विचारलं, “उद्या नमुना घेतला, तर फॉर्मवर याचं नाव लिहिशील?”

तो बराच वेळ लेबलकडे बघत राहिला. मग डबा पिशवीत टाकून म्हणाला, “सर कुठे भेटतील आत्ता?”

साडेसात वाजत आले होते. म्हटलं, थांब इथेच.