नान्नजच्या माळढोक नरास

भाद्रपद लागला की माळ तुझी वाट पाहू लागतो. पवन्या वाढलेली. कुसळी अजून कोवळी, टोचत नाही. ऊन तिरपं, गवताच्या काडीकाडीला स्वतःची सावली. सगळं मांडून ठेवलेलं.

तू नाहीस.

शांतता म्हणावी, तर तीही नाही. चंडोल गातो. माळटिटवी ओरडते. काळविटांचा कळप पाऊलवाट ओलांडून जातो. वरचे सूर सगळे जागच्या जागी आहेत. खर्ज तेवढा गेला.

तुझ्यासाठी कोणी लपणात बसायचं, गुडघे छातीशी घेऊन, दुर्बीण डोळ्याला लावून. तू मान वळवलीस की इकडे वहीत वेळ उतरायची. १९८१ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी आणि त्यांचे सोबती तुझ्यामागे माळ तुडवत राहिले. तुला ते ठाऊक नव्हतं. ठाऊक नसणं हीच त्यांची मजुरी.

आणि पावसानं धुतलेल्या सकाळी तू उंचवट्यावर यायचास, शेपूट पाठीवर उलटी टाकून, पंख सैल सोडून, गळ्याची पिशवी फुगवत फुगवत, जवळजवळ मातीला टेकेपर्यंत खाली आणत, आणि बारा-पंधरा किलोंचा एवढा थोरला जीव बघता बघता नुसता पांढरा उजेड होऊन उभा राहायचा, आणि त्या उजेडातून जो खोल घुमार निघायचा तो गवतावरून पसरत मादीला, पल्याडच्या नराला, बांधावरच्या मेंढक्याला आणि लपणातल्या अवघडलेल्या माणसाला, सगळ्यांना सारखाच वाटला जायचा.

हूम.

मग पुन्हा ऊन.

शास्त्रज्ञाचं आयुष्य वरून कोरडं दिसतं. रकाने. अंतरं. किती नर, किती माद्या. अंडं एकच, उघड्या जमिनीवर, घरट्याशिवाय. खाणं : नाकतोडे, भुंगेरे, बोरं. पायाला मागचं बोट नाही, म्हणून फांदी नाही; जन्मभर जमीनच. प्रेम हा शब्द अहवालात चालत नाही. म्हणूनच बहुधा ते इतके बारकाईनं लिहिलेले असतात.

मध्य प्रदेशात करेरा. राजस्थानात सोनखलिया. सोलापुरात नान्नज. माळढोकांच्या माळांचा, एका माणसाच्या उमेदीचा हा नकाशा. करेरा आधी विझलं, नव्वदच्या दशकात. मग सोनखलिया. जेवणं उरकल्यावर वस्तीवरचे दिवे एकेक मालवत जावेत, तसे ते माळ. रहमानी १९९७ मध्ये त्याच संस्थेचे संचालक झाले, पुढे निवृत्तही झाले. कारकिर्दीला निवृत्ती असते, निरोपाची भाषणं असतात. तुला यातलं काय मिळालं?

अभयारण्य मिळालं, म्हणा. १९७९ साली, तुझ्याच नावाचं. नाव अजून आहे.

मधूनच एखादी मादी दिसल्याची बातमी येते. आम्ही ती पुन्हा पुन्हा वाचतो. एकटीच होती ना? एकटीच. ती कुणाचा घुमार ऐकायला आली असेल, हे विचारायचं धाडस होत नाही.

तुझ्या नोंदी मात्र राहिल्या. तू किती वाजता आलास, कुणाकडे तोंड करून उभा राहिलास, किती वेळ. वाचताना वाटतं, तू आत्ताच त्या ओळीतून चालत गेलास, खाली मान न घालता, सावकाश, सरंजामी चालीनं. पान उलटलं की माळ संपतो.

२०२४ च्या ऑक्टोबरात जैसलमेरहून बातमी आली. कृत्रिम रेतनातून माळढोकाचं पिल्लू जन्मलं. देशात पहिलंच. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू? जगो बिचारं. वाढो. गळ्याची पिशवी फुगवो. पण ते मी तुझ्या खात्यावर जमा धरणार नाही. वंश वाचेलही त्याच्यामुळे. वंश काही नान्नजच्या उंचवट्यावर येऊन उभा राहिला नव्हता. तू राहिला होतास.