वाटणीतला साचा

ज्या वस्तू मोजता येतात त्यांची वाटणी सोपी असते, असा आमचा अनुभव आहे. अकरा वर्षांपूर्वी, मातोश्रींचे वर्षश्राद्ध आटोपल्यावर, आम्हां दोघां बंधूंत घर वाटले गेले. माड मोजले, आंब्याची कलमे मोजली, तांब्यापितळेची भांडी तराजूत घातली आणि माजघराच्या मधोमध चिऱ्यांची भिंत उभी केली. भाऊबंदकी हा विषय कोकणात नवा नाही. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी तो परंपरेने चालत आलेला असेल. तेव्हा ती कहाणी आम्ही सांगत बसत नाही. सांगावयाचे ते एवढेच की, त्या यादीच्या अगदी शेवटी, मोडका पाळणा आणि दोन रोवळ्या यांच्यामध्ये, शिरवाळ्यांचा लाकडी साचा लिहिलेला होता, आणि तो आमच्या वाट्यास आला. थोरल्या बंधूंना दोन मुलगे. आम्हांस एकच कन्या, तीही विवाहानंतर पुण्यास गेली. म्हणजे साचा आमच्याकडे आला आणि तो दाबणारे हात भिंतीपलीकडे राहिले. यादी करणाऱ्या पंचांनी हातांचा रकाना घातला नव्हता.

मालवणच्या किनाऱ्याबाहेरील वाचकांसाठी शिरवाळे म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. सुरय तांदूळ धुऊन सावलीत वाळवावे आणि त्यांचे पीठ बारीक दळावे. पेजेचे उकडे तांदूळ या कामी चालत नाहीत. पाण्यास आधण आले की चवीपुरते मीठ घालून पिठाची उकड काढावी, ती चांगली मळून तिचे मुठीएवढे गोळे करावे आणि ते पुन्हा उकळत्या पाण्यात सोडावे. गोळे वर तरंगू लागले की एकेक काढून साच्यात घालावा व दाबावा. खालच्या छिद्रांतून तांदळाचे पांढरेशुभ्र तंतू ताटलीत उतरतात. ताटली फिरवीत राहिले म्हणजे त्यांचे वेटोळे होते. हे शिरवाळे नारळाच्या दाट रसाबरोबर खावयाचे. रसात गूळ, वेलची आणि मिठाचा एक कण. एवढ्यावर एक घर तृप्त होते.

परंतु यातील मर्म साहित्यात नाही, वेळेत आहे. गव्हात ग्लुटेन नावाचे ताण धरणारे द्रव्य असते. तांदळात ते नाही. तांदळाचा तंतू टिकतो तो केवळ शिजून चिकट झालेल्या पिष्टाच्या बळावर, आणि ते पिष्ट निवू लागताच घट्ट होते. म्हणून गोळा हाताला चटका देत असतानाच साच्यातून उतरला पाहिजे. एकाने चुलीवरून गोळा काढावा, दोघांनी दोन बाजूंनी दांडा धरून दाबावे, चौथ्याने ताटली फिरवावी. एकट्याने करावयाचे हे काम नव्हे. आमच्या पत्नीने पहिल्या दोन वर्षांत एकदा प्रयत्न केला. मनगट आठवडाभर सुजले. मग साचा माळ्यावर गेला.

गेल्या पावसाळ्यात थोरल्या बंधूंचा धाकटा मुलगा जहाजावरून रजेवर आला. व्यापारी जहाजावर नोकरी करणारी मुले आमच्या बाजूला पुष्कळ. परत येताना कोणी घड्याळ आणतो, कोणी अत्तर. याने एक चव आणली होती. वडीलधाऱ्यांचे बोलणे बंद असले तरी मुलांनी भिंत कधी मानली नव्हती, त्यामुळे दुसऱ्याच सायंकाळी तो आमच्या पडवीत येऊन सिंगापूरच्या गजाली सांगू लागला. तेथे फेरीवाल्यांकडे तांदळाच्या रुंद, चपट्या पट्ट्यांचे एक सूप मिळते. डुकराची हाडे तासन्‌तास उकळून काढलेले पाणी, त्यात त्या पट्ट्या, वर मांसाचे पातळ काप, तळलेली लसूण आणि कांद्याची हिरवी पात. पट्ट्यांना ‘क्वे तियाव’ म्हणतात. दक्षिण चीनमधून आलेल्या लोकांनी ती कृती तिकडे नेली. पूर्वी हे विक्रेते रस्तोरस्ती हिंडत. 1971 पासून पुढील दीड दशकात तेथील सरकारने त्यांस छपराखाली गाळे बांधून दिले, आणि 2020 साली युनेस्कोने त्यांच्या या खाद्यसंस्कृतीची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. हे सूप घरी करून आईला खाऊ घालावयाचे, असा त्याचा निश्चय होता.

पहिली अडचण डुकराची. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी येथील ख्रिस्ती घरांत हे मांस शिजते आणि उत्तम शिजते. एका मित्राच्या घरून ते आणण्याची तयारीही त्याने केली होती. पण वहिनींनी भिंतीपलीकडून आम्हांसही ऐकू जाईल अशा स्वरात निकाल दिला, “माझ्या टोपात ता शिजाचा नाय!” यावर आमच्या पत्नीने हळूच आठवण काढली की, सासऱ्यांच्या लहानपणी याच घरात पारधीतल्या रानडुकराचा वाटा येत असे आणि तो कोणी परत पाठवीत नसे. ते खरे आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पारध बंद झाली, आणि रानडुक्कर खाणाऱ्यांची नातवंडे पाळीव डुकराच्या नावाने नाक मुरडू लागली. आहाराचे नियम आपण समजतो तितके जुने नसतात. तथापि टोप वहिनींचा होता. अखेर गावठी कोंबडीच्या हाडांवर तडजोड झाली.

दुसरी अडचण पट्ट्यांची. तांदूळ भिजवून वाटावा, ते पातळ पीठ तेल लावलेल्या ताटात पसरून वाफवावे, वर आलेला पापुद्रा सोडवून सुरीने कापावा, अशी कृती तो शिकून आला होता. दोन दिवस भिंतीपलीकडून ताटांचा खणखणाट आणि वहिनींचे उसासे ऐकू येत होते. पीठ पातळ झाले तर पापुद्रा फाटे, जाड झाले तर त्याचे घावन होई. तिसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, “काकानू, साचो व्हयो होतो.”

आम्ही काही बोलण्यापूर्वीच पत्नी म्हणाली, “साचो व्हर, पण तुका एकट्याक जमाचा नाय.”

आणि मग ती आमच्याकडे पाहत राहिली. त्या पाहण्याचा अर्थ न कळण्याइतके आम्ही नवे गृहस्थ नव्हतो. त्याचा थोरला भाऊ मुंबईस नोकरीवर होता. म्हणजे पलीकडे दाबावयास तो स्वतः आणि त्याचे वडील. पण त्यालाच चुलीपाशी उभे राहून गोळे काढावयाचे होते. साच्याच्या एका बाजूस थोरले बंधू, तर दुसऱ्या बाजूस कोण?

साचा खाली काढला, गरम पाण्याने धुतला. त्याच्या पितळी चकतीच्या छिद्रांत अकरा वर्षांपूर्वीचे पीठ दगडासारखे बसले होते. ते सुईने कोरून काढण्यात आमचा तासभर गेला, आणि खरे सांगावयाचे तर तो तास आम्ही मुद्दामच लांबविला. नंतर अंगण ओलांडून आम्ही त्या दारातून आत गेलो. बंधू पाटावर बसून होते. त्यांनी वर पाहिले नाही. त्यांचे केस पूर्ण पांढरे झालेले आम्ही रोज दुरून पाहत होतो. हाताच्या शिरा मात्र प्रथमच पाहिल्या.

पहिला गोळा साच्यात पडला. दोघांनी दांडा धरला. दांडा जागचा हलेना. आमचे लक्ष दाबण्यात नव्हतेच. तोच समोरून आवाज आला, “जोर लाव रे. गोळो थंड होता.”

लहानपणी, आम्ही नऊ-दहा वर्षांचे आणि ते चौदा वर्षांचे असताना, याच साच्याच्या याच बाजूने ते हेच म्हणत. अकरा वर्षांत ते आमच्याशी बोललेले हे पहिले वाक्य. आम्ही जोर लावला. तंतू उतरले. वहिनींनी ताटली फिरविली, आमच्या पत्नीने दुसरी पुढे केली, आणि पाऊण तासात चौतीस गोळे झाले. त्या वेळात दुसरे कोणतेही बोलणे झाले नाही. माडांचा हिशेब निघाला नाही, भिंतीचा निघाला नाही. गोळा निवण्यापूर्वी दाबावयाचा असल्यामुळे जुने काढावयास कोणास सवड नव्हती.

आता सुपाविषयी. पुतण्याने वाडग्यात शिरवाळे घातले, वर कोंबडीचे पाणी ओतले, लसूण आणि पात पेरली. चव चांगली होती. पण शिरवाळा हा बारीक आणि गोल. त्यात पाणी मुरते आणि तो चटकन मऊ पडतो. चपट्या पट्टीप्रमाणे तो दाताखाली निसटत नाही. “सिंगापूरसारखा नाय झाला,” असे पुतण्यानेच प्रामाणिकपणे कबूल केले. वहिनींनी मग झाकून ठेवलेले पातेले पुढे सरकविले. त्यात गुळाचा रस होता. तो त्यांनी पहाटेच काढून ठेवला होता. थोरल्या बंधूंनी चार वेळा घेतला.

जेवताना पुतण्याने आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच बंदरांत तमिळ लोक तांदळाच्या अशाच बारीक तंतूंवर खोबरे आणि माडाचा गूळ घालून विकतात, त्यास ‘पुटु मायम’ म्हणतात. आणि नारळाच्या तिखट रसात तंतू सोडून ‘लक्सा’ करतात. केरळातील इडिअप्पम आणि कर्नाटकातील शाविगे तर आपल्या शेजारीच आहेत. जेथे भात आणि माड एकत्र वाढतात, तेथे कोणी ना कोणी तांदळाला छिद्रांतून दाबले आहे, असे दिसते. तो घरची म्हणून जी चव शोधीत होता ती त्याला परदेशी सुपात सापडली होती काय, की परदेशची म्हणून आणलेली चव घरीच निघाली, हे आम्हांस सांगता येणार नाही. त्याला भूक लागली होती, एवढे खरे.

पुतण्या जहाजावर परत गेला. भिंत आहे तेथेच आहे, आणि माडांच्या वाटणीबद्दल आमचे मतही बदललेले नाही. साचा मात्र त्या दिवसापासून पलीकडेच राहिला आहे. तो आमच्या यादीतला असल्यामुळे आम्ही केव्हाही परत मागू शकतो. पत्नी दोनदा म्हणाली की, घेऊन या. दोन्ही वेळा बाहेर पाऊस होता.