बंद संगणकाला हाक

संगणक घरी आणि तो वापरणारी मुलगी परगावी, ही गोष्ट आता कामगार वस्तीतही नवी राहिलेली नाही. आम्ही नागपूरला आणि आमची थोरली पुण्याला स्थापत्य अभियांत्रिकी शिकते. तिच्याजवळचा लॅपटॉप जुना, इमारतीचा मोठा नकाशा उघडला की अडून बसतो. घरचा संगणक दमदार आहे, हप्त्याहप्त्याने घेतलेला. इंटरनेटवरून त्याचा पडदा पुण्यात उघडून त्यावर काम करता येते. मात्र तो आधी सुरू असावा लागतो, आणि सगळी अडचण तिथेच होती.

आम्ही दोघेही पहाटे पाचला कामावर निघतो. संगणक चालूच ठेवून जावे तर विजेचा हिशेब आडवा येतो. रिकामा बसलेला संगणक ५० वॅट घेतो असे धरले, तरी दिवसरात्र चालून महिन्याला ३६ युनिट होतात. शंभर युनिट ओलांडले की दर कसा चढतो, हे बिल भरणाऱ्याला वेगळे सांगायला नको. म्हणून वर्षभर हे काम आजीकडे होते. दुपारी पुण्याहून फोन यायचा, आजी बटण दाबायची, हिरवा दिवा लागला की "लागला वं" म्हणून कळवायची. शाळेची पायरी न चढलेली आजी, पण एकदाही चुकली नाही.

प्रश्न रात्रीचा होता. सबमिशन जवळ आले की मुलीला रात्री दोनपर्यंत बसावे लागते. आम्ही चारला उठणारी माणसे आणि आजी सत्तरीची. कुणाची झोप मोडायला ती तयार नसे. तसे ती बोललीही नाही. एका विषयात गुण कमी पडले तेव्हा आम्हाला हे कळले.

दिवाळीच्या सुटीत तिने उपाय आणला. त्याचे नाव 'वेक ऑन लॅन'. हे काही कालपरवाचे नाही. एएमडी आणि हेवलेट-पॅकर्ड यांनी १९९५ मध्ये 'मॅजिक पॅकेट' तयार केले. मोठ्या कचेऱ्यांतले शेकडो संगणक रात्री दुरुस्तीसाठी सुरू करायचे, तर टेबलाटेबलाशी माणूस धाडावा लागू नये, यासाठी अशी सोय उपयोगी पडली. घरोघरी ती तशीच पडून असते. पुष्कळांना ठाऊक नसते, एवढेच.

बंद संगणक पुरता बंद नसतो, हे यातले मर्म. भिंतीवरचे बटण चालू असेल, तर आतल्या नेटवर्क कार्डाला थोडीशी वीज मिळत राहते. त्या कार्डाला बारा अक्षर-अंकांचा स्वतःचा क्रमांक असतो. मॅजिक पॅकेट म्हणजे त्या क्रमांकाची हाक. आधी सहा ठरावीक बाइट, मग तोच क्रमांक सोळा वेळा, असे एकूण १०२ बाइट. चाळीत कुणी नाव घेऊन हाक मारली की ऐकतात सगळे, पण ज्याचे नाव तोच उठतो, तसेच हे.

मात्र तयारी करावी लागते. वायफायवर बहुधा हे जमत नाही, राउटरपासून संगणकापर्यंत केबलच हवी. बायोसमध्ये 'वेक ऑन लॅन' चालू करावे लागते. विंडोजमध्ये नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये मॅजिक पॅकेटची परवानगी द्यावी लागते आणि 'फास्ट स्टार्टअप' काढावे लागते. आमचा एक पूर्ण दिवस या 'फास्ट स्टार्टअप'ने खाल्ला.

आता ही हाक घरातल्या जाळ्यापुरतीच. पुण्याहून ती थेट पोचत नाही. काही लोक त्यासाठी राउटरमध्ये बाहेरून दार उघडून ठेवतात. ते आम्हाला पटले नाही. हाकेला साधारणतः पासवर्ड नसतो, आणि उघड्या दारातून कोण येईल याचा नेम नाही. मुलीने राउटरजवळ रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक ठेवला, सेकंडहँड. तो रात्रंदिवस चालतो, पण जेमतेम तीनेक वॅट घेतो. ती व्हीपीएनच्या बंद वाटेने त्याच्यापर्यंत येते आणि तो घरातून हाक मारतो. संगणक उठला तरी आत शिरायला त्याचा पासवर्ड लागतोच. काम संपले की ती तिथूनच बंद करते.

पहिल्या रात्री एक वाजता टेबलाखाली पंखा घुमला. आम्ही जागेच होतो. आजीही उठून बसली. दिव्याकडे बघत राहिली आणि सकाळी फोनवर नातीला म्हणाली, "आता तू मले कायले फोन करशीन?"

याचे उत्तर आम्हालाही पटकन सुचले नाही. मुलीने यंत्राची एक खोड पुढे केली. आमच्या संगणकाची वीज जाऊन आली की कार्ड हाक ऐकत नाही, एकदा हाताने सुरू करून बंद करावा लागतो. वीज येताच आपोआप सुरू होण्याची सोय बायोसमध्ये आहे, पण ती आम्ही लावलेली नाही. उन्हाळ्यात वीज दुपारभर ये-जा करते, तेवढ्या वेळा संगणक आपटत राहिला तर हार्ड डिस्क जायची.

तेव्हा वीज आल्यावर बटण आजीच दाबते. मुलगी दुपारी एकला जेवायच्या सुटीत फोन करते, वीज गेली होती का ते विचारायला. वीज गेलेली नसली तरी दोघी वीस-पंचवीस मिनिटे बोलतात.